मोबाईलवर मोडी

एप्रिल २०२०. शाळा मार्चमध्येच बंद झालेल्या, मी नौपाड्याच्या घरात मोबाईल पाण्याच्या बाटलीला टेकवून नववीला मराठी शिकवत होते, आणि त्याच आठवड्यात सासूबाईंनी माळा आवरायला काढला. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार हे ठरलेलंच होतं, त्यामुळे कधी ना कधी ते करायचंच होतं. पत्र्याची ट्रंक खाली आली, त्यात पितळेची भांडी, दोन जुनी पंचांगं आणि मेणकापडात गुंडाळलेला एक कागद. चार घड्या घातलेला, घड्यांवर विरलेला, एका बाजूने कसरीने खाल्लेला, वर इंग्रजी अमलातला स्टँप आणि खाली ओळीच्या ओळी मोडी.

सासूबाई म्हणाल्या, "हा जमिनीचा कागद. आपण जमीनदार होतो पेणकडे, कुळकायद्यात सगळं गेलं." हे मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकत आलेय, नवऱ्याचे पणजोबा जमीनदार होते हे आमच्याकडे प्रत्येक लग्नाकार्यात निघतंच. पण कागदात काय लिहिलंय ते घरात कोणालाच वाचता येत नव्हतं. मराठीच आहे, आपल्याच माणसाने लिहिलंय, मी एम.ए. मराठी, अठरा वर्षं शाळेत मराठी शिकवतेय, आणि मला त्यातलं एक अक्षर लागेना. ते मनाला फार लागलं.

मग जे सगळे करतात तेच केलं, यूट्यूब उघडलं. मोडीचे व्हिडिओ भरपूर निघाले, बाराखडी, जोडाक्षरं, जुन्या पत्रांचं वाचन, सगळं फुकट. लॉकडाऊन नसता तर फोर्टला किंवा पुण्याला जाऊन दहा दिवसांचा वर्ग करायला मला कधी जमलं असतं? नोकरी, मुलगी दहावीला, सासूबाईंचे गुडघे. इंटरनेट नसतं तर मी मोडी शिकलेच नसते, हे आधीच सांगते, कारण पुढे मी बरंच काही बोलणार आहे आणि त्याचा अर्थ कोणी भलताच काढू नये.

रात्री जेवणं आटोपली की ओट्याजवळ बसून व्हिडिओ बघायचे. स्पीड दीडपट. चार दिवसांत चौदा व्हिडिओ संपले. बघताना सगळं कळत होतं, शिकवणाऱ्या सरांनी अक्षर काढायच्या आधीच माझ्या तोंडात यायचं, आता 'ग' येणार, आता 'ह' येणार. पाचव्या दिवशी आत्मविश्वासाने कागद उघडला आणि पहिल्या ओळीतलं काहीही वाचता आलं नाही. एक शब्दसुद्धा नाही.

ज्यांनी मोडी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मोडीत आधी शिरोरेघ मारतात, कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि मग अक्षरं त्या रेघेला टांगत जातात, हात शक्यतो न उचलता. शब्द तोडत नाहीत. स्वल्पविराम, पूर्णविराम नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, म्हणजे 'दिन' आणि 'दीन' एकच, पुढचं-मागचं वाचून तुम्ही ठरवायचं. आणि प्रत्येक कारकुनाचा हात वेगळा. व्हिडिओत सर फळ्यावर एकेक अक्षर सुटं, मोठं, स्वच्छ काढून दाखवतात, आणि कागदावर तीच अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडून धावत असतात. मी बघत होते ती ओळख होती, वाचन त्याच्या पुष्कळ पुढे असतं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये याच्यावर प्रयोग केलेत. मुलांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला तर पाच मिनिटांनी जास्त आठवतो, पण आठवड्याने बघितलं तर ज्यांनी पुस्तक मिटून आठवायचा प्रयत्न केला तीच मुलं पुढे असतात. बी.एड.ला आम्ही स्मरण शिकलो होतो, पण स्वतःच्या अंगावर आलं तेव्हा खरं कळलं.

तेवढ्यात एका मोडी वाचकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घेतलं मला. चांगली माणसं, मनापासून मदत करणारी. शब्दाचा फोटो टाकायचा, दोन मिनिटांत कोणीतरी सांगणार. मी कागदाचा एकेक तुकडा क्रॉप करून टाकायला लागले. पणजोबांचं नाव पहिल्याच दिवशी लागलं, सगळ्या घरात आरडाओरडा झाला, आणि नावाच्या पुढचा शब्द मी तेवढाच कापून टाकला तर तिकडून उत्तर आलं, "जमीनदार".

झालं! सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. डोंबिवलीच्या नणंदेला व्हिडिओ कॉल, दिरांना कॉल, फॅमिली ग्रुपवर कागदाचा फोटो आणि खाली गुलाबाची फुलं. नवऱ्याने ती प्रिंट काढून फ्रेम करायची ठरवली (लॉकडाऊनमुळे तेव्हा राहिलं ते राहिलंच, आणि बरंच झालं). मलाही वाटलं काम संपलं, पण बाकीचा कागद वाचायचा राहिलाच होता.

वर्षअखेरीला मी एकदा हिशोब केला. ग्रुपवर विचारलेले शब्द मी वहीत लिहून ठेवत होते, एकतीस झाले होते. उत्तरं झाकून तेच फोटो परत बघितले तर मला फक्त नऊ वाचता आले. आणि जे शब्द विचारायला लाज वाटली म्हणून किंवा नेट गेलं होतं म्हणून स्वतःच झगडून सोडवले होते ते बहुतेक सगळे लागले. २०११ मध्ये सायन्स नियतकालिकात बेट्सी स्पॅरो, जेनी लिऊ आणि डॅनियल वेग्नर यांचा एक अभ्यास आला होता, माहिती कॉम्प्युटरवर सेव्ह राहणार असं वाटलं की माणसं ती कमी लक्षात ठेवतात, पण ती कुठे ठेवलीय ते चांगलं लक्षात राहतं. माझं अगदी तेच झालेलं. 'खंडी' हा धान्याच्या जुन्या मापाचा शब्द मोडीत कसा दिसतो ते आठवेना, पण तो कोणत्या तारखेला कोणत्या काकांनी सांगितला ते स्क्रोल करून मी लगेच काढू शकत होते.

२०२१ च्या सुरुवातीला पैसे भरून एक ऑनलाइन वर्ग लावला. शिकवणारे सर पुण्याचे, सत्तरीच्या पुढचे, ज्ञान अफाट. स्क्रीनवर आम्ही पस्तीसेक चेहरे म्यूट करून बसायचो. आठव्या दिवशी त्यांनी सगळ्यांना लिहिलेल्या पानाचा फोटो पाठवायला सांगितला आणि माझं पान बघून मला फोनच केला. म्हणाले, "तुम्ही मोडी काढताय, लिहीत नाही आहात. प्रत्येक अक्षराला पेन उचललंय. शाई सांगते." फोटोतल्या शाईच्या ठिपक्यांवरून ओळखलं त्यांनी! वर्गात असते तर पहिल्या तासाला मागे उभं राहून हात धरला असता. आठ दिवस ते माझ्या चेहऱ्याकडे बघत होते आणि चूक माझ्या हातात होती.

तेव्हापासून रोज एक पान, चाळीस दिवस. दुरेघी वही, आधी आडवी रेघ, मग हात न उचलता. पहिले पंधरा दिवस मनगट दुखायचं. विसाव्या दिवसाच्या सुमारास काहीतरी सुटलं, हात आपोआप पुढच्या अक्षराकडे वळायला लागला, आणि गंमत म्हणजे वाचनसुद्धा त्याच आठवड्यात सुटलं. अक्षर कुठून निघून कुठे गेलं असेल ते हाताला कळायला लागलं तसं डोळ्यालाही.

आणि इथे इंटरनेटने जी साथ दिली तिला तोड नाही. कागदावर सुरुवातीला "शके १८१" एवढंच दिसत होतं, शेवटचा आकडा कसरीने खाल्लेला. पुढे संवत्सराचं नाव होतं, ते दोन रात्री बसून लावलं, 'दुर्मुख'. साठ संवत्सरांची यादी नेटवर एका मिनिटात मिळाली, शकात बारा मिळवायचे, साठने भागायचं, बाकी तीस आली की दुर्मुख. म्हणजे १८१८. त्यात ७८ मिळवले की १८९६. आमच्या ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, म्हणजे हा कागद लिहिला तेव्हा ते तीन वर्षांचं होतं, तिथे मी आठवड्याला जाते, आणि मला हे जुळल्यावर इतका आनंद झाला की काय सांगू. तसंच मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. १८५७ ची दुसरी आवृत्ती, साठ हजारांच्या आसपास शब्द, शिकागो विद्यापीठाने पूर्ण ऑनलाइन ठेवलाय, शोधता येतो. नौपाड्यात रात्री साडेअकराला मी पेणच्या कारकुनाचा शब्द शिकागोत शोधतेय. माझ्या आईच्या पिढीतल्या मराठीच्या बाईला हे मिळालं नव्हतं.

२०२२ मध्ये मी स्वतः शिकवायला लागले. ग्रुपवरच्या नवीन चार-पाच जणांनी आग्रह केला म्हणून, रविवारी सकाळी, ऑनलाइन. घणसोली गावातले एक काका, खारघरची एक कॉलेजातली मुलगी, नाशिकचं एक जोडपं, असे सात जण. पहिल्या दिवशी मी सांगितलं की मला तुमचे चेहरे नकोत, हात दाखवा. पोह्यांचा स्टीलचा डबा घ्या, त्याच्यावर दोन जाड पुस्तकं, पुस्तकांच्या मधून मोबाईल बाहेर काढून कॅमेरा खाली वहीकडे. पहिला अर्धा तास नुसता डबे शोधण्यात गेला, काकांचा मोबाईल दोनदा पडला. पण नंतर स्क्रीनवर सात हात दिसायला लागले आणि मला प्रत्येकाचं पेन कुठे उचललं जातं ते दिसत होतं. "खारघर, हात उचललास." "नाशिक, रेघ आधी." समोरासमोरच्या वर्गातसुद्धा सात हात एका वेळी इतक्या जवळून दिसत नाहीत, हे मी शिक्षिका म्हणून सांगते.

घणसोलीच्या काकांचा खाजणाचा कागद होता, त्यात एक शब्द मला तीन आठवडे लागला नाही. अक्षरं लागली, अर्थ लागेना, म्हणून मी अक्षरांवरच शंका घेत होते. शेवटी मी ट्रान्स-हार्बरने त्यांच्या घरी गेले, मूळ कागद खिडकीपाशी धरला आणि अक्षरं नुसती मोठ्याने म्हटली, उ, घा, डी. काका हसले, म्हणाले, "मॅडम, उघाडी! बांधाला असते ना, भरतीचं पाणी अडवायला आणि ओहोटीला सोडायला, आमच्या बापाने आयुष्यभर उघाड्या सांभाळल्या." मी नौपाड्यात वाढलेली, मला कुठून माहीत असणार. अक्षर माझ्याकडे होतं, शब्द त्यांच्याकडे होता, आणि दोन्ही एका खोलीत आल्याशिवाय वाचन झालं नाही. खाजणं गेली, तिथे टॉवर आले, पण काकांच्या कानात शब्द शाबूत होता.

त्यांनीच त्या दिवशी विचारलं, "तुमचा स्वतःचा कागद आम्हाला कधी वाचायला देणार?"

खरंच की. मी दुसऱ्यांचे कागद वाचत होते आणि आमचा अजून तुकड्या-तुकड्यांतच होता. वर्गाला द्यायचा तर मूळ कागद फारच विरलेला, म्हणून ठरवलं की पूर्ण नक्कल करायची, मोडीतूनच मोडीत, तोच हात, तीच वळणं. दिवाळीच्या सुट्टीत बसले. "लिहून दिला कर्जरोखा ऐसाजे" पर्यंत आले आणि पहिला धक्का बसला, हा जमिनीचा कागद नाहीच, भाताच्या कर्जाचा रोखा आहे. लिहून देणारा कोणी वेगळाच. पाच खंडी भात घेतलंय, पुढच्या सुगीला फेडायचंय. मग पणजोबांचं नाव आलं, आणि पुढचा तो शब्द. मी मूळ कागदावर नजर ठेवून त्याच वेगात लिहीत होते. 'ज' लिहिला आणि माझा हात वर रेघेला लागून परत खाली आला, मग 'मी'कडे गेला.

मी थांबले. हात वर का गेला? 'ज'वरून सरळ 'मी' लिहायचा असता तर हात खालूनच पुढे गेला असता. मोडीत काना हा असाच असतो, अक्षरातून हात वर जातो, रेघेला टेकतो, उतरतो. मी भिंग आणलं. 'ज' आणि 'मी' यांच्यामध्ये केसाएवढी एक रेघ होती, रेघेपर्यंत गेलेली, घडीच्या जवळ असल्याने अर्धी पुसलेली. काना होता. जा. जामीनदार.

नवऱ्याचे पणजोबा जमीनदार नव्हते, शेजाऱ्याच्या पाच खंडी भाताला जामीन राहिले होते.

'ध चा मा' आपण लहानपणापासून ऐकतो, आमच्या घरात 'जा' चा 'ज' झाला होता आणि दोन वर्षं तो आनंदाने फिरत होता. ग्रुपवरच्या माणसाची काहीच चूक नव्हती. मी त्यांना अडीच सेंटिमीटरचा तुकडा पाठवला, त्यात ना कर्ज होतं, ना भात, ना आधीची ओळ. जेवढं विचारलं तेवढ्याचं उत्तर त्यांनी दिलं. पूर्ण पान पाठवलं असतं तर त्यांनीच सांगितलं असतं की मधेच जमीनदार कुठून आला. आणि मी ते पान स्वतः आधी पूर्ण वाचायला बसले असते तर विचारावंच लागलं नसतं.

तेव्हापासून माझ्या वर्गाला तीन गोष्टींची सक्ती आहे. शब्द अडला की दोन रात्री स्वतःजवळ ठेवायचा. विचारायचं तर पूर्ण पानाचा फोटो टाकायचा. आणि सोबत स्वतःचा अंदाज लिहायचा, चुकीचा का असेना. सुरुवातीला कुरकुर झाली, एक जण सोडूनही गेले. पण दोन रात्रींत काय होतं माहितीये, भाजी चिरताना, लोकलमध्ये लटकताना तो शब्द डोक्यात फिरत राहतो, आणि बऱ्याचदा सकाळी उठल्यावर आपोआप लागतो. उत्तर खिशात असलं की डोकं हे फिरणंच बंद करतं.

शाळेतही हेच आणलं. चॅटजीपीटी २०२२ च्या शेवटी आलं आणि वर्षभरात माझ्याकडे निबंध यायला लागले ते सगळे एका घरातले वाटावेत असे, 'पावसाळ्यातील एक दिवस' मध्ये ठाण्याचा पाऊसच नाही, वंदना टॉकीजजवळ साचलेलं पाणी नाही. मी मुलांना रागावले नाही, मीही दीडपट स्पीडने चौदा व्हिडिओ बघितलेच होते. बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोड, दीक्षा ॲप, सगळं मी वापरते. फक्त आता निबंधाच्या आधी एक तास वह्या-मोबाईल काहीही नाही, नुसतं आठवायचं आणि शेजारच्याला सांगायचं. आणि वर्षातून एकदा त्या रोख्याची झेरॉक्स सगळ्यांना वाटते. गेल्या वर्षी मागच्या बाकावरचा एक मुलगा, एरवी तासाला मान वर न करणारा, सुट्टी झाली तरी कागदावर नाक टेकवून बसलेला. "बाई, हा 'भात' आहे ना? हा पण 'भात' आहे. चार वेळा आलाय." चारच वेळा आला होता.

भाचा परवा म्हणाला, मामी आता हे कशाला, कॉम्प्युटर वाचेल मोडी. बरोबर आहे त्याचं. मोडीला युनिकोड २०१४ मध्येच मिळालं, पण कागद सगळे फोटोत अडकलेले, त्यामुळे सर्च करता येत नाही. २०२५ मध्ये आयआयटी रुरकीने मोडीच्या फोटोवरून देवनागरी देणारं मॉडेल केलंय, दोन हजारांवर पानं गोळा करून. मला मनापासून आनंद झाला. दप्तरांतून लाखो कागद पडलेत, २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली तेव्हा वाचक कमी पडले हे सगळ्यांनी बघितलं. मशीनने वाचावंच. पण मशीनने 'जमीनदार' वाचलं तर मधला काना बघायला कोणीतरी लागेल, आणि ते कोणीतरी दीडपट स्पीडवर तयार होत नाही.

सासूबाईंना सांगायला मला आठवडा लागला. दिवाळीचा फराळ चालू होता, म्हटलं भाऊबीज होऊन जाऊ दे. त्यांनी शांतपणे ऐकलं, भिंग घेऊन स्वतः ती रेघ बघितली. बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "जामीन राहिले म्हणजे... मग भात फेडलं कोणी?"

हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. कागद उलटा केला. पाठीमागे, घडीच्या आत, बारीक अक्षरात चार नोंदी होत्या. मी त्यांचा कधी फोटोसुद्धा काढला नव्हता, पाठ कोरी आहे असंच धरून चालले होते. पहिल्या नोंदीत "वसूल खंडी १". दुसरीत आणि तिसरीतही वसूल, आणि पुढे "हस्ते जामीनदार". सासूबाईंना वाचून दाखवलं तर त्यांनी नुसता कागदावर हात ठेवला.

चौथी नोंद अजून लागलेली नाही. कसरीने बरोबर मधलं खाल्लंय, सुरुवातीचं 'वसूल' आहे, शेवटी 'बाकी' असावं असं वाटतं, पण 'बाकी'च्या पुढे काय ते दिसत नाही. तेव्हापासून अधूनमधून काढून बसते, परवा पुन्हा काढला, यावेळच्या दोन रात्री झाल्या. उद्या रविवार आहे, वर्गाला दाखवते. दोन्ही बाजू, पूर्ण पान.